उंच टोल्याची कैफियत

सन्माननीय अध्यक्ष श्रीमान गुलाबचंदजी, व्यासपीठावरील तहसीलदारसाहेब, आजचे सत्कारमूर्ती उकंडराव, दाटीवाटीने बसलेले बंधुजन आणि मागे पडद्याआड बसलेल्या मायभगिनींनो,

अध्यक्षमहाराजांनी आत्ताच उकंडरावांचं भरभरून कौतुक केलं आणि जाता जाता एक वाक्य जोडलं. नव्या नोकरीत त्यांनी धोक्याचे फटके सोडावेत आणि सांभाळून खेळावं, असं ते म्हणाले. हे त्यांनी प्रेमानेच म्हटलं, यात मला शंका नाही. ज्यांच्या जिनिंगमध्ये कापसाचे ढीग पडलेले असतात, त्यांना ठिणगीचं भय असणारच. पण मी पडलो वकील. माणसावर आरोप झाला आणि त्याच्या बाजूने कोणी उठलं नाही, तर मला घरी जाऊन अन्न गोड लागत नाही. आरोप उंच टोल्यावर आहे. त्याची कैफियत आज मी देणार, अध्यक्षांची परवानगी असो वा नसो.

ज्यांनी गोल्फ पाहिलेला नाही त्यांच्यासाठी दोन शब्द. काठीने चेंडू मारत मारत दूरच्या एका भोकात घालायचा. एक भोक झालं की पुढचं, आणि सगळी भोकं संपेपर्यंत टोले ज्याचे कमी, तो जिंकला. खेळ एवढाच. लांब टोला ताकदीचा माणूस कोणीही मारतो. खरी परीक्षा भोकाच्या जवळ आल्यावर होते. मध्ये वाळूचा खड्डा असतो, पलीकडे लगेच भोक असतं. चेंडू खड्ड्यावरून उंच उचलायचा आणि पलीकडे अलगद थांबवायचा. त्यासाठी एवढ्याशा अंतराकरता काठी पूर्ण जोराने फिरवावी लागते. हात मध्येच आखडला की चेंडू जमिनीलगत सुटतो, नाहीतर वाळूत जातो. म्हणून शहाणे लोक बाजूने जातात आणि एक टोला जास्त घेतात.

आपल्या कॅम्पाच्या माळावर पलटण असताना साहेबलोक हा खेळ खेळत. पलटण गेली, मैदान राहिलं. मग इंजिनियर, डॉक्टर आणि माझ्यासारखे बिनकामाचे वकील तिथे काठ्या फिरवू लागले. उकंडराव मूळचे कुरुंद्याचे. पण मामाचं शेत माळाला लागून असल्याने ते इकडेच वाढले आणि आमचं पाहून खेळू लागले. आमच्या पाचव्या भोकासमोर दगडी ताल, म्हणजे शेताचा उंच बांध, आहे. आम्ही सगळे मुकाट्याने तालीला वळसा घालायचो. हा गृहस्थ पहिल्या दिवसापासून तालीवरून मारत आला. मुरमाड जमिनीवरून चेंडू असा उचलायचा की पलीकडे पडला की जागीच बसावा! हा टोला त्यांना कुठल्या साहेबाने शिकवलेला नाही. हिंगोलीच्या मुरमाने शिकवला.

त्याच टोल्यावर सिकंदराबादच्या एका मोठ्या क्लबात त्यांना नोकरी लागली. क्लबाचं नाव घेत नाही, तेवढी सभ्यता माझ्यात आहे. सभासदांना शिकवायचं आणि पेशेवर खेळाडूंच्या सामन्यांत क्लबाच्या नावाने उतरायचं, अशी ती नोकरी. सन पस्तीसच्या डिसेंबरात दख्खनच्या पेशेवरांचा मोठा सामना झाला. मी खास रजा काढून गेलो होतो. शेवटच्या भोकापर्यंत उकंडराव आणि नागपूरकडचे, नेहमी सांभाळून खेळणारे फुलसिंग यांची चुरस चालली. फुलसिंगांचा डाव संपला. उकंडरावांचा चेंडू नेमका वाळूच्या खड्ड्याअलीकडे, उघड्या टणक जमिनीवर येऊन बसला. दोन टोल्यांत संपवला तर फुलसिंगांशी बरोबरी. तीनांत संपवला तर दुसरा क्रमांक, आणि पहिल्या दोघांना कलकत्त्याच्या सामन्याचं बोलावणं होतं.

क्लबाचे सेक्रेटरी कडेलाच उभे होते. ते म्हणाले, "उकंड, बाजूने जा. दुसरा नंबर आपल्याला पुरे आहे."

उकंडराव म्हणाले, "साहेब, बाजूनंच जायचं आस्तं, तर मी शेतातच ऱ्हायलो आस्तो."

आणि त्यांनी काठी फिरवली. चेंडू उंच गेला. सगळ्यांच्या माना वर गेल्या. तो खड्ड्याच्या पलीकडच्या काठावर आपटला, क्षणभर थबकला आणि मागे वाळूत घरंगळला. पुढचं सांगायला नको. उकंडराव सहावे आले.

दुसऱ्या दिवशी त्यांना सभासदांसमोर उभं केलं. सेक्रेटरी म्हणाले, "तो टोला मारणं ही चूक होती, असं सर्वांसमोर सांग. क्लबाच्या नावाने पुन्हा मारणार नाही, असं वचन दे. नोकरी राहील."

सभ्य गृहस्थहो, मी कोर्टात पुष्कळ जबान्या ऐकल्या आहेत. पण त्या दिवशीसारखी जबानी ऐकली नाही. उकंडराव म्हणाले, "टोला चुकला, हे कबूल हाय. मारला हे चुकलं, हे कबूल न्हाई."

नोकरी गेली. पूर्णेहून गाडी बदलून आम्ही दोघं हिंगोलीला उतरलो. मी त्यांना घरापर्यंत सोडायला गेलो. त्यांच्या पत्नी गोजरबाई दारात होत्या. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी एकच विचारलं, "टोला मारताना भ्यालाव का?"

"न्हाई."

"मंग हातपाय धुवा. जेवाया वाढते."

गाव मात्र एवढं उदार नव्हतं. उकंडराव जवळा बाजारच्या पेठेत हळद घेऊन गेले की लोक म्हणत, "आले बघा, नोकरी वाळूत पुरून आले." रागावू नका, यातले काहीजण आज पुढच्या रांगेत हार घेऊन बसले आहेत. लोकांचं बोलणं उकंडरावांनी हसून सोडलं, पण ते त्यांच्या हातांत उतरलं. रोज पहाट झाली की ते तालीसमोर उभे राहत. काठी वर जाई, खाली येताना हात आखडे आणि चेंडू दगडावर आपटून परत येई. मला म्हणाले, "वकीलसाहेब, मारून राहिलो, पन ऐन वक्ताला हातच थांबून राहिला. आता हे आपल्यानं व्हायचं न्हाई."

एके सकाळी मी मैदानावर पोहोचलो तर पाहतो काय! तालीपलीकडे पोतं अंथरलेलं, आणि तालीच्या अलीकडे, उकंडरावांच्या अगदी समोर, गोजरबाई उभ्या. पदर खोचून, हाताची घडी घालून.

मी ओरडलो, "अहो बाई, बाजूला व्हा! तो चेंडू दगडासारखा असतो!"

"ठावं हाय. काल घंगाळाला त्यानंच पोचा पाडला."

"मग तिथे काहून उभ्या राहिलात?"

त्या म्हणाल्या, "दगडासाठी ह्यांचा हात उठंना. माझ्यासाठी उठतो का, बघते."

उकंडरावांनी काठी फेकून दिली. "येडी झालीस का? लागला म्हंजी?"

"भेऊन मारला तर लागंल. बराबर मारला तर डोक्यावरून जाईल. काठी उचला."

बंधूंनो, या बाईने कधी काठी हातात धरली नव्हती. तिला खेळ नव्हे, नवरा ठाऊक होता. भ्यालेला हात समोरच्या माणसाला इजा करतो आणि मोकळा हात त्याच्या डोक्यावरून चेंडू नेतो, हे तिने ओळखलं होतं. मी डोळे मिटले नाहीत, मिटण्याएवढंही भान उरलं नव्हतं. उकंडरावांनी काठी उचलली. मग काठी फिरली, पूर्ण फिरली. चेंडू गोजरबाईंच्या डोक्यावरून सरळ आभाळात चढला आणि तालीपलीकडे टप् करून पडला. त्या जागच्या हलल्या नाहीत. मागे वळूनही पाहिलं नाही.

"पोत्यावर पडला का?" त्यांनी विचारलं. मी तालीपलीकडे डोकावून 'हो' म्हणालो.

"मंग आनखी एक."

यंदा माळव्यातल्या एका संस्थानाने सामना भरवला. उकंडरावांच्या पाठीशी क्लब नव्हता. काठ्यांची पिशवी उचलायला माणूस नव्हता, म्हणून ती मी उचलली. शेवटच्या भोकापाशी पुन्हा तोच पेच. पुढे वाळूचा खड्डा, दोन टोल्यांत फुलसिंगांशी बरोबरी, तीनांत दुसरा क्रमांक. मी त्यांच्याकडे पाहिलं. ते म्हणाले, "वकीलसाहेब, सावली पडून राहिली. जरा सरका."

मी सरकलो. चेंडू उठला, खड्डा ओलांडून गेला आणि भोकापासून हातभर अंतरावर, लेकराला पाळण्यात ठेवावं तसा टेकला. टाळ्यांचा कडकडाट झाला. आणि मग? मग तो हातभराचा शेवटचा टोला भोकाच्या कडेवर फिरून बाहेर आला. दुसरा क्रमांक! तोच, जो बाजूने जाऊनही मिळाला असता.

अध्यक्षमहाराज, आता आपण म्हणाल की मग मिळवलं काय? ऐका. बक्षीससमारंभात संस्थानच्या दिवाणांनी विजेत्या फुलसिंगांना विचारलं, "आमच्या मैदानावर शिकवायला राहाल का?" फुलसिंग म्हणाले, "हुजूर, कप मेरा है, मगर वो टोला मुझे नहीं आता. इन्हें रखिए." अशी ही नोकरी मिळाली. सांभाळून खेळणाऱ्याने ती सोडली आणि धोका पत्करणाऱ्याच्या पदरात घातली.

आणि असं झालं नसतं, तो चेंडू पुन्हा वाळूत गेला असता, तरी मी इथे उभा राहून हेच बोललो असतो. मग ऐकायला पाचच माणसं असती, एवढाच फरक. या मुलखात आपल्याला जन्मभर बाजूने जायला शिकवलं जातं. साहेबाच्या बाजूने, अंमलदाराच्या बाजूने, भिंतीच्या बाजूने. एक माणूस वरून गेला, तर त्याला तरी आपण ते शहाणपण शिकवू नये.

हे सभागृह दिल्याबद्दल वाचनालयाचा, आणि माझं इतकं लांबलेलं बोलणं शांतपणे ऐकून घेतल्याबद्दल आपल्या सर्वांचा मी ऋणी आहे. बोलताना जिभेने कुणाला ओरखडा काढला असेल, तर अध्यक्षांसह सर्वांनी तो पोटात घालावा. पुढचा कार्यक्रम उकंडरावांना शालश्रीफळ देण्याचा आहे. पत्रिकेत दुसरं नाव नाही, आणि बायकांना व्यासपीठावर बोलावण्याची आपल्याकडे रीत नाही, हेही मी जाणतो. एक नारळ मी घरून आणला आहे. गोजरबाई, पडदा सारा आणि वर या.