सरायनं केलं नव्हतं

पौर्णिमा : परत सांग. हळू सांग, पण सगळं सांग.

आचल : तुह्या गुडघ्याची गोष्ट. डॉक्टर म्हणे, दीड महिन्यात पोरगी वाळूवर उतरते. मी सरायले सांगतलं, वर्षभर नाही.

पौर्णिमा : खुशालराव सरायले? आपल्या कोचले?

आचल : हो. तू दवाखान्यात होती. इटलीच्या स्पर्धेसाठी जोडीची नावं त्याच दिवशी धाडायची होती. त्याईनं मलेच फोन केला.

पौर्णिमा : अन् तुले गोव्याची अनुपमा पाह्यजे होती.

आचल : ती उंच. आपल्या बीच टेनिसमंदी चेंडू वाळूवर टेकला की पॉइंट गेला, अन् तिच्याकडून तो टेकतच नव्हता. वाटलं, हिच्यासंगं मी लय पुढं जाईन.

पौर्णिमा : गेलीही ना.

आचल : गेली.

(आशाबाई चहा घेऊन येतात. आचलला मान वर करवत नाही.)

आशाबाई : घे माय. अख्ख्या जुन्या शहरात तुहं नाव हाय. अमरावतीची पोरगी अन् समुद्राकाठचा खेळ खेळत देशोदेशी फिरते! आमच्या पौर्णीचंही झालं असतं. पण त्या मास्तरानं घात केला.

पौर्णिमा : आई, तू आत जा.

आशाबाई : जातो बाप्पा. खोटं थोडीच बोलून राहिली मी.

पौर्णिमा : ऐकलं? चार वर्षं झाली, या घरात हेच चालू हाय. सरायले कधी समजलं?

आचल : दोन महिन्यानं. तू मोर्शीच्या मैदानावर पळताना दिसली त्याईले. मले फोन केला. मी रडली. म्हटलं, सांगून टाका तिले. तं म्हणाले, "जोडी तं तुटली. मैत्रीण तरी राहू दे तिची. माह्यावर रागावली तं चालते."

पौर्णिमा : अन् तू चालू देलं.

आचल : दरवेळी घरी आली की म्हणो, आता सांगतो. मंग पुढची स्पर्धा यायची. आता खांदा गेला माहा, खेळ संपला. संपल्यावर आली, याचीच जास्त लाज वाटून राहिली.

पौर्णिमा : मी काय केलं, ते माहीत हाय तुले? मोर्शीले त्याईचा सत्कार होता. भरल्या मंडपात उभी राहिली अन् म्हटलं, या माणसाच्या हाती आपल्या पोरी देऊ नका.

आचल : काय म्हणाले ते?

पौर्णिमा : काहीच नाही. खाली पाहत बसले. पुढच्या महिन्यापासून त्याईच्याकडं पोरी यायच्या बंद झाल्या. मले बरं वाटलं, आचल. लय बरं वाटलं.

आचल : चूक माही हाय. तुही नाही.

पौर्णिमा : शब्द तं माहे होते ना. ऊठ.

आचल : कुठं?

पौर्णिमा : मोर्शीले, सरायच्या घरी. आता निघालो तं दिवस बुडाच्या आत पोचू.

आचल : मले माफ करशील का तू?

पौर्णिमा : ते आज नको विचारू मले. अन् तिथं गेल्यावर तू घाई करू नको. पहिले मी बोलतो.