सील तुटलेली पेटी

बायाबापेहो, साहेब, मी या दवाखान्यातली सिस्टर, सुई देणारी बाई. भाषण मले येत नाई. पण दिवाकरभाऊ तापानं गेले, अन् त्यायच्याच शोकसभेले त्यायनं बनवलेली पेटी न्याले साहेबायची गाडी बाहेर उभी आहे. मग मी गप्प कशी राहू?

भाऊ चंद्रपूरले पोरायले वायरिंग शिकवत. आपल्या दवाखान्याच्या छतावर उन्हापासून वीज बनवणाऱ्या काचा बसल्या, लसीचा फ्रिज आला. काचा परदेशी. बॅटरी भरणारी पेटीही परदेशी, तिच्यावर कंपनीचं सील, उघडाची मनाई. उन्हाळ्यात पेटी जळली. कंपनी म्हणे, माणूस येईन. पावसाळा आला, नाल्याले पूर आला, माणूस नाई आला. सापाचं औषध फ्रिजात गरम होऊन राह्यलं होतं.

भाऊनं पेचकस काढला. मी म्हटलं, "भाऊ, सील आहे."

ते म्हणे, "बाई, सापाले दाखवजो सील."

आतल्या पुर्ज्यायवरचे नंबर घासून टाकले होते. कोणाले तसा पुर्जा आणता येऊ नये म्हणून. भाऊ लय चिडले. "सूर्य आपला, अन् आपल्याले नंबरही वाचू देत नाईत?"

मग चंद्रपूरच्या रेडिओ दुकानातून सामान आणून त्यायनं स्वतः पेटी बनवली. पयली जळली. दुसरीही जळली. तिसरी चालली. मी पेढे वाटाले निघाली, तं म्हणे, "थांबा. पेटी जमली. छतावरच्या काचा फुटल्या तं? त्या आपल्याले कुठी बनवता येतात? त्या शिकल्याशिवाय पेढे नाई." ते शिकणं राहून गेलं. त्याचाच मले राग येते.

साहेब, तुमचंही मले समजते. कंपनी म्हणते, भाऊची पेटी काढून आमचीच लावा, नाई तं पुढच्या काचा देणार नाई. पण त्यायची पेटी दुरुस्त होऊन येईपर्यंत फ्रिज कशावर चालन? तोवर साप थांबन काय? काचा आज त्यायच्या हातात आहेत, म्हणून आपली मानही त्यायच्याच हातात द्यावी काय?

दिवाकरभाऊ, तुमाले जय भीम.

आता सगळे उभे राहा. कोणी बोलू नका. आतल्या खोलीतून फ्रिजची घरघर येते, ते भाऊचं काम चालू आहे. ते ऐका. अन् साहेब, ऐकून झाल्यावरही पेटी न्याची असन, तं फ्रिज मी बंद करणार नाई. तुमच्या हातानं करा.