मागचा ब्रेक

सूनबाई : पाना माझ्याकडेच राहू द्या, अण्णा. सायकल मीच खोलणार.

अण्णा : जन्मभर कारखान्यात फिटर होतो मी. आता घरची सून मला सायकलला हात लावू देणार नाही?

सूनबाई : असं कुठे म्हटलं? शिकवा म्हणतेय.

अण्णा : काल मी ब्रेक नीट करून दिला आणि आज तुला शिकायची हौस आली. सासऱ्याचं काम पसंत नाही, असं सरळ सांग ना.

सूनबाई : तुम्ही आधी बसा बघू.

अण्णा : बसायचं नाहीये मला. काय झालं ते सांग.

सूनबाई : सकाळी शाळेच्या उतारावर मागचा ब्रेक लागलाच नाही. ब्रेकची दांडी पार हँडलला टेकली.

अण्णा : चिमणी मागे होती?

सूनबाई : होती ना. समोर चौकात ट्रक वळत होता. नुसता पुढचा ब्रेक दाबला असता तर दोघी डोक्यावर आपटलो असतो. पाय घासत नेले आणि भिंतीला घातली सायकल.

अण्णा : माझ्या नातीला लागलं?

सूनबाई : कोपर खरचटलंय. तिला वाटलं मी मुद्दाम केलं. हसत होती. पुन्हा कर म्हणाली.

अण्णा : वायर तुटली असणार. जुनीच होती.

सूनबाई : वायर धड आहे, ही बघा. नटातून सुटून आलीये.

अण्णा : मग कुणीतरी हात लावला. हल्लीची पोरं काय कमी असतात?

सूनबाई : रात्रभर सायकल आपल्या घरात होती, अण्णा.

अण्णा : मी घट्ट आवळला होता नट! चांगला जोर लावून!

सूनबाई : माहितीये. घाम आला होता तुम्हाला. बघत होते मी.

अण्णा : बघत होतीस ना? मग आण तो पाना. तुझ्यादेखत आवळून दाखवतो.

(अण्णांच्या हातातून पाना फरशीवर पडतो.)

अण्णा : तेल लागलंय त्याला.

सूनबाई : कोरडा आहे. मीच पुसला मघाशी. तुमच्या शर्टाची बटणं हल्ली चिमणी लावून देते ना?

अण्णा : सांगू नको म्हटलं होतं त्या कार्टीला.

सूनबाई : सहा वर्षांच्या पोरीच्या पोटात काय राहणार? कधीपासून आहे हे?

अण्णा : आधी बोटांना नुसत्या मुंग्या यायच्या.

सूनबाई : आणि आता?

अण्णा : तिकडे कळवलंस का? तुझ्या नवऱ्याला?

सूनबाई : नाही.

अण्णा : कळवू नकोस. नोकरी टाकून धावत येईल.

सूनबाई : मग तुम्हीच सांगा. संध्याकाळी फोन येईल तेव्हा. उद्या आपण डॉक्टरकडे जातोय, हेही सांगा. तुम्ही नाही बोललात तर मी बोलणार.

अण्णा : मला धमकी देतेस?

सूनबाई : हो. काल नुसतं म्हणाला असतात, जमत नाहीये म्हणून. कोण हसणार होतं तुम्हाला?

अण्णा : या घरात मला विचारून होणारी एवढी एकच गोष्ट उरली होती गं.

सूनबाई : मग आत्ता काय करतेय मी? विचारतेच आहे ना?

अण्णा : तो पाना नको. लहान घे. आता वायर त्या भोकातून घाल. पकडीनं खाली ओढ. अगं ओढ, लाजतेस काय तिला?

सूनबाई : ओढली. आता पुढे?

अण्णा : ब्रेकचं रबर गुडघ्यानं चाकाला दाबून धर. आता दुसऱ्या हातानं आवळ.

सूनबाई : झालं.

अण्णा : झालं कसलं! अजून.

सूनबाई : तुटेल हो नट!

अण्णा : तुटत नाही. अजून अर्धा आटा. हं. आता वायर ओढून बघ.

सूनबाई : हलत नाहीये बहुतेक. तुम्ही बघा ना एकदा हात लावून.

अण्णा : मला हात लावून कळत नाही. तूच सांग.