बारवेवरची बाई

(गंगाखेड. दिनकररावांची ओसरी, सकाळची वेळ. चटईवर जुन्या दिवाळी अंकांतली कात्रणं पसरलेली.)

बानूबाई : न्हाई गुरुजी, बाकीच्या अकरा गोष्टी खुशाल छापा. तेवढी 'बारवेवरची बाई' नको.

दिनकरराव : अहो बाई, एवढंच सांगायला पिंगळीहून गाडीत बसून आलात?

बानूबाई : एवढंच. तुमी आपल्या आवडत्या भुताच्या गोष्टींचं पुस्तक काढायलाव, असं आमच्या पोस्टमननं सांगितलं. मला रातभर झोप न्हाई.

दिनकरराव : प्रकाशकाचं पत्रच आहे, ती पहिली घ्या म्हणून. तीस वर्षं भयकथा लिहितोय, पण लोक मला तिच्याच नावानं ओळखतात.

बानूबाई : मला बी तिच्याच नावानं वळखतेत की! तीच तर बोंब हाय.

दिनकरराव : म्हणजे?

बानूबाई : हिरवं लुगडं, डावा पाय लंगडा. पिंगळीच्या बारवेवर मेंढरं राखती, वाटसराला पानी देती, अन् ते पिलेला मानूस परत घरी जात न्हाई. आता बघा माझ्याकडं नीट.

दिनकरराव : अहो, कल्पना असते ती.

बानूबाई : बारव खरी, लुगडं खरं, पाय खरा. कल्पना काय राहिली मंग, निस्तं माझं मरन?

दिनकरराव : पण लोक खरंच असं मानतात?

बानूबाई : गणपतीत पोरांनी ती चावडीवर वाचून दाखवली, त्याला आठ वर्सं झाली. पयले टेशनावरून येनारं मानूस माझ्यापाशी थांबल्याबिगर जायाचं न्हाई. पानी प्यायचं, तंबाखू मळायचा, सुनेच्या कागाळ्या सांगायच्या. आता लांबून वाट वाकडी करतेत. वावरात मेंढरं बसवायला कुनी बलवंना. लेंडीखत पायजे, मी नको! जावई नातीला धाडंना. म्हनतो, आजीच्या हातचं पानी नको.

दिनकरराव : मला कुणी बोललं नाही हो हे.

बानूबाई : कोन बोलनार? अन् तुमी तरी कुठं आलाव परत?

दिनकरराव : परत?

बानूबाई : मी इसरले व्हय? भर उन्हाळ्यात आलताव. डोई भादरलेली, चप्पल हातात. तांब्याभर पानी गटागटा पिलाव.

दिनकरराव : बायकोचे दिवस घालून तिच्या माहेरी गेलो होतो. दारातूनच परत फिरवलं त्यांनी. तुम्ही पाणी दिलंत, आणि विचारलंत, जेवलाव का. त्या अख्ख्या महिन्यात तेवढं विचारणारं दुसरं माणूस भेटलं नाही मला.

बानूबाई : अन् त्या मानसाचं तुमी भूत केलाव! वा रे गुरुजी!

दिनकरराव : चुकलं माझं. दुसरं काही लिहिता येत नाही मला. घरी जावंसंच वाटत नव्हतं त्या दिवशी. वाटलं, पाणी पिऊन इथंच बसून राहावं. तेच लिहायला गेलो, अन् हातून अशी गोष्ट झाली. म्हणून ती आवडती.

बानूबाई : ...मंग तसंच लिवायचं न्हाई का, बाबा.

दिनकरराव : घ्या, हे कात्रण. फाडून टाका. प्रकाशकाला कळवतो, अकराच छापा.

बानूबाई : फाडून काय उपेग? गावाला तोंडपाठ हाय ती. त्यापरीस तुमी या. बाजारच्या दिवशी, गाडीतून मानसं उतरतेत तवा. समद्यांदेखत माझ्या हातचं पानी प्या. लिवनाराच पिलाय म्हनल्यावर बाकीच्यांचं भ्या जाईल.

दिनकरराव : येतो.

बानूबाई : निस्तं हो म्हनू नका.

दिनकरराव : येतो म्हटलं ना. चारचौघांत सांगतो, की चूक माझी होती.

बानूबाई : अन् पानी पिलं की लगी गाडीकडं पळू नका.

दिनकरराव : पळून जाऊ कुठं? घरी वाट बघणारं कोण आहे?

बानूबाई : मंग चहा टाकीन. येताना तेवढा एक कप घेऊन या, गुरुजी. माझ्यापाशी एकच हाय.