फोटोत काटा नव्हता

नाय वैनी, मुंबईला न्यायचं आधी डोक्यातून काढा. मशीन आहे, मी नाय कुठे म्हणतोय — सीटी स्कॅन म्हणतात त्याला, तुमच्या मालकांनी पत्रात लिहिलंय ते खरंय. पावाचे काप करावेत तसे डोक्याचे एकेक फोटो निघतात, आणि चाकू लागत नाय. पण ते माणसांसाठी. कुत्र्याला आत कोण घेणार? — घेतलेलं एकदा. सांगतो, बसा. डॉक्टर चिपळूणला गेलेत, पाचाशिवाय यायचे नायत. मी कंपाउंडर असलो तरी बावीस वर्षं जनावरंच बघतोय. त्याला तिथे पायरीशी नको, त्या फणसाला बांधा. दोरी आखूड. आणि लाळ पुसू नका, पदराने तर नकोच.

काटा अडकलाय म्हणता. बांगड्याचा. हां. आपल्याकडे कुत्र्याचा जबडा लोंबला की घशात काटाच — रोज मासळी खाणाऱ्या घरात दुसरं काय सुचणार? मलाही तेच सुचलेलं. महिपतरावांचा टिपू, मिरजोळ्याच्या बागेतला, तीन वर्षं झाली. असाच, तोंड उघडं, लाळ गळतेय, कुणावर भुंकत नाय, कुणाला चावत नाय. गरीब गाय म्हणा. मी ही दोन बोटं पार मुळापर्यंत घातली त्याच्या घशात. काय लागलं नाय हाताला. इथल्या एक्स-रेत माशाचा काटा उमटत नाय, तेव्हा महिपतराव म्हणाले, तुझा भाचा मुंबईत त्या मोठ्या मशीनवर आहे ना? होता. केरू. माझ्या बहिणीचा, पण लहानपणापासून माझ्याच घरी वाढलेला.

रविवारी सेंटर बंद असतं. मी नि महिपतरावांनी जीपमधून नेला टिपूला, झोपेची सुई मीच टोचली. केरूने जीभ बाजूला केली, डोकं दोन्ही हातांत सरळ धरलं. त्याला नखं खायची सवय — बोटांच्या कडा कायम सोललेल्या. ते मला दिसत होतं. आत्ता दिसतं म्हणा, तेव्हा कुठलं बघतोय मी. फोटो निघाले आणि केरू म्हणाला, मामा, काटा नाय, गाठ नाय, डोकं एकदम साफ. आम्ही तिघांनी खाली जाऊन भजी खाल्ली.

हा बघा तो फोटो. खिडकीकडे धरा. आहे काय कुठे काय? — त्या रोगाचा फोटो येतच नाय, वैनी. घरी आणल्यावर चौथ्या दिवशी टिपू मेला. पाणी पुढे ठेवलं तर तोंडातून नुसतं ओघळायचं. पिसाळलेला कुत्रा धावून येतो असं आपण धरून चालतो, हा गप बसून पिसाळलेला. मला तिसऱ्याच दिवशी शंका आली. त्याच दुपारी सिव्हिलला गेलो. चौदा सुया, बेंबीभोवती.

केरूला? कळवलं की. कार्ड टाकलं.

काय लिहिलं म्हणजे — त्याची पत्रं सेंटरच्या पत्त्यावर जायची, साहेबांच्या टेबलावरून. माणसाच्या मशीनमध्ये कुत्रा घातला हे उघड्या कार्डावर कसं लिहू? नोकरी गेली असती पोराची. लिहिलं, टिपू वारला, तू तब्येतीला जप. समजेल म्हटलं. हुशार होता. पण तब्येतीला जप हे तर प्रत्येक कार्डाच्या शेवटी असतं, नाय काय? मीच दर वेळी लिहायचो. पावणेदोन महिन्यांनी पाण्याचा पेला बघून तो ओरडायला लागला. तेवीस वर्षांचा. बहिणीला अजून वाटतं, मलाही उशिराच कळलं.

हे तुम्हाला कशाला सांगत बसलो मी. द्या तो फोटो इकडे.

बोटाला चिंधी कसली? विळी लागली — कधी? त्याच्या तोंडात हात घातला त्याच्या आधी की नंतर? नाय, नीट आठवून सांगा. — आधी. मग उठा, त्या नळावर साबण लावून हात धुवा, मी थांबवेपर्यंत धुवा. मग सिव्हिल. कुत्रा इथेच राहू दे, त्याच्याकडे बघत बसू नका. काटा खाली उतरावा म्हणून भाताचा गोळा भरवला असेल ना? भरवतातच. तुम्हीच भरवलात?

मैनाने.

लेक किती वर्षांची? आठ. मग तिला का नाय आणलंत सोबत? — मुरुडला. मामाकडे. काल गेली.

काय म्हणालात? आज कार्ड टाकता?

नाय. कार्ड नको. आधी सिव्हिल, मग तीनची दापोली गाडी, तिथून मुरुड. स्वतः जा, हाताला धरून आणा तिला. चला, उठा. माझ्याकडे काय बघताय — नळ तिकडे आहे.