सोरा वाळूत उतरते

दोग्युन: गायनाचा क्लब? काकू, सोरा गायनाच्या क्लबात आहे असं कोणी सांगितलं तुम्हाला?

आई: तिनंच. दोन वर्षं झाली. फोन केला की धापा टाकत असते. म्हणते, सराव चाललाय. मी म्हटलं, गाण्याला दम लागतोच.

दोग्युन: लागतो. बसा तुम्ही. तो डबा द्या इकडे, जड दिसतोय.

आई: असू दे मांडीवर. मुरवलेली कालवं आहेत, कलंडतील. तोंगयोंगहून दोन बस बदलून आले. वसतिगृहातली पोरगी म्हणाली, विद्यापीठात वसंतोत्सव आहे, सोरा मैदानावर असेल. इथे बघते तर हा वाळूचा आखाडा. गाणी कुठे चालल्येत?

दोग्युन: गाणी ग्रंथालयापाशी. सोरा मात्र... ती बघा. निळा पट्टा बांधलेली.

आई: ती आडदांड?

दोग्युन: आडदांड ती समोरची, लाल पट्ट्याची. हेरांग. शारीरिक शिक्षण विभागाची. दोन वर्षं तिला कोणी पाडलेलं नाही. निळ्या पट्ट्याची आपली सोरा.

आई: अगं बाई. मी हिला नर्सिंग शिकायला पाठवली. तू कोण म्हणालास?

दोग्युन: दोग्युन. सिरुम क्लबचा अध्यक्ष.

आई: तू कुस्ती खेळतोस? फुंकर मारली तर उडशील.

दोग्युन: मी खेळत नाही काकू. मी अर्ज भरतो, वाळू चाळतो, सगळ्यांचे पट्टे धुतो. मी आलो तेव्हा क्लबात बावीस जण होते, आता पाच. यंदाही काही जिंकलो नाही, तर हा आखाडा बुजवून इथे स्कूटर लावणार आहेत.

आई: म्हणून माझ्या पोरीला पुढे केलंस.

दोग्युन: तीच पुढे झाली. सकाळपासून तिघींना पाडून अंतिम फेरीत आलीय.

आई: मागच्या हिवाळ्यात मनगट मोडलं तिचं. म्हणाली, जिन्यावरून पडले.

दोग्युन: हो, ते... जिना...

आई: जिना नव्हता.

दोग्युन: जिना नव्हता, काकू.

आई: ह्या दोघी गुडघे टेकून एकमेकींच्या गळ्यात का पडल्यात?

दोग्युन: पट्टा धरतायत. एक हात कमरेला, एक मांडीला. मग उठतील, शिट्टी वाजेल. गुडघा किंवा त्याच्या वरचं काहीही वाळूला टेकलं की तो डाव गेला. तीनपैकी दोन जिंकायचे. वाजली बघा.

आई: उचललं. अरे, उचललं तिनं हिला. ठेव गं बाई खाली.

दोग्युन: ठेवलं.

आई: आपटलं म्हण. सरक बाजूला, मी चालले तिला घेऊन.

दोग्युन: आत जाऊ देत नाहीत, काकू. थांबा, ती इकडेच येतेय.

सोरा: दादा, पाणी. तिची पकड सुटतच नाही, काय करू तेच... आई?

आई: गाणं छान झालं.

सोरा: मी सांगणार होते.

आई: कधी? मान मोडल्यावर? घाल बूट, चल घरी.

सोरा: माझ्याकडे एक मिनिट आहे. तेवढ्यात तू रागावून घे, नाहीतर मला श्वास घेऊ दे.

आई: बंदरावरच्या पोरांना चिखलात लोळवायचीस, तेव्हाच कान पिळायला हवा होता.

सोरा: पिळला होतास.

आई: कमी पिळला.

सोरा: आई, शाळेत मला सगळे म्हैस म्हणायचे. तुला ठाऊक आहे. मी चालताना खांदे आत घेऊन चालायचे. ह्या वाळूत उतरले की मी खांदे आत घेत नाही. बस, एवढंच आहे ते.

दोग्युन: वीस सेकंद.

आई: ...ती लाल पट्टेवाली उचलायच्या आधी श्वास कोंडते.

सोरा: काय?

आई: खांदे वर जातात तिचे. जराच. पंचवीस वर्षं धक्क्यावर माशांचे खोके उचलणारी माणसं बघतेय मी. वजन उचलणारा आधी छाती भरून घेतो. तेवढ्या वेळात त्याच्या पायांत जीव नसतो. लहान पोरानं धक्का दिला तरी पडतो.

सोरा: पायांत जीव नसतो.

आई: जा आता. आणि हे संपलं की घरी.

दोग्युन: पट्टे धरले. उठल्या. शिट्टी.

आई: थांब. घाई नको. थांब गं... आता.

दोग्युन: आतून टांग घातली. काकू, हेरांग पाठीवर आहे. दोन वर्षांत पहिल्यांदा.

आई: माझा हात सोड, दुखतोय.

दोग्युन: हात तुम्ही धरलाय, काकू.

आई: हं. आता काय?

दोग्युन: एक-एक बरोबरी झाली. शेवटचा डाव. पण हेरांगही कच्ची नाही. बघा, श्वास तोंडानं सोडत राहिलीय, खांदे हलूच देत नाही.

आई: मग मी आता काय सांगू तिला?

दोग्युन: काही नाही. आता तिचं तिला.

(शिट्टी वाजते. दोघी जागच्या हलत नाहीत.)

आई: दोघी झोपल्या का काय उभ्या उभ्या?

दोग्युन: जोर लावतायत. सोराची मान बघा, शिरा तटतटल्यात.

आई: मागे सरकतेय आपली.

दोग्युन: कडेला आली. रिंगणाबाहेर गेली तर पुन्हा मध्ये आणतात, पण मग दम राहत नाही.

आई: गुडघे वाकवले तिनं. खाली का बसतेय ही?

दोग्युन: बसत नाहीये. काकू, ती हेरांगला उचलतेय.

आई: त्या पहाडाला?

दोग्युन: पोटावर घेतलं. हेरांगचे दोन्ही पाय सुटले. फिरवतेय...

आई: पुढचे सगळे उभे राहिले, मला काही दिसत नाही. सांग ना.

दोग्युन: फिरवली, आणि...

आई: अरे, बोल की.

दोग्युन: पाडलं. जिंकली. सोरा जिंकली, काकू.

आई: मग रडतोस काय? अध्यक्ष ना तू? घे, नाक पूस.

दोग्युन: हेरांगनं स्वतः तिचा हात वर केलाय. नर्सिंगची सगळी पोरं ढोल बडवतायत. आता बैलावरून मिरवणूक काढतील. पूर्वी जिंकणाऱ्याला खरा बैल मिळायचा, आमचा पुठ्ठ्याचा आहे. गेल्या वर्षी वळणावर त्याचं शिंग पडलं.

आई: ह्या पोरी कशाला येतायत तुझ्याकडे?

दोग्युन: नाव नोंदवायला, बहुतेक. एक मिनिट हं. नाही, वजनाची अट नाही. हो, उद्यापासून चालेल. तूसुद्धा? ये ना. काकू, जरा हा पेन धरा... नऊ जणी आहेत, काकू. नऊ.

आई: त्या शेवटच्या बारकीलाही घे. तिची पकड चांगली असणार, मघापासून माझी बाही धरून उभी आहे.

सोरा: आई, तू अजून इथेच?

आई: कुठे जाणार? बैलावरून उतरलीस वाटतं.

सोरा: तो मोडला माझ्याखाली.

आई: मोडणारच. त्या लाल पट्टेवालीला काही लागलं नाही ना?

सोरा: नाही. म्हणाली, पुढच्या वर्षी बघून घेते.

आई: बघू दे.

सोरा: तू रागावली नाहीस?

आई: रागावलेय. घरी पोचले की फोनवर रागावेन. आता जरा खाली वाक.

सोरा: का?

आई: कानात वाळू गेलीय तुझ्या.