न विचारता सोडलेला मुडा

—थांबा थांबा, यस दाबू नका. काय विचारतोय कंप्युटर, आधी वाचा तरी. 'या नावाची फाईल आधीच आहे, तिच्यावर हीच टाकू का' — एवढंच ना? मग वाचून उत्तर द्या बिचाऱ्याला. तुमा वाशिंदच्या नव्या बिल्डिंगवाल्यांना घाई फार. माझं काय जातंय म्हणा, तासाचं मीटर तुमचं चालू आहे. पण ह्या एवढ्याशा सवालापायी एका पोराचं काय झालं ते मी डोळ्यांनी बघितलंय, म्हणून तुमचं बोट धरलं. म्हसोबाची आण घेऊन सांगतो, यातला शब्दन् शब्द खरा आहे आणि सगळं माझ्यासमोर घडलंय. म्हणजे अगदी समोर नाय — तेव्हा मी जेवायला गेलो होतो — पण जेवलो कुठं, दोन घास गिळले आणि आलोच. आता तुमी म्हणाल, ह्या कुंडलिकशेठच्या शब्दावर शहापुरात कोण विश्वास ठेवतो? नका ठेवू. बसा फक्त.

तर तेव्हा हे सायबर नव्हतं. एकोणीसशे अठ्ठ्याण्णव साल धरा. इथं माझा कंप्युटर क्लास होता, एक शाखा शहापूरला आणि एक मुरबाडला. शाखा म्हणजे काय, तिकडं एक खोली, इकडं एक खोली, आणि दोन्हीकडं मिळून शिकवणारी माणसं दोन. एक कमळू. तिकडं मुरबाडच्या पुढं, नाणेघाटाच्या पायथ्याशी, डोंगराला टेकून गाव त्याचं, नाचणी-वरीची शेती. आजोबाचं नाव त्याला ठेवलेलं. क्लासातली पोरं हसायची, कमळू आणि कंप्युटर, जोडी कशी जमायची म्हणून. हा कल्याणला जाऊन सी भाषा शिकून आला होता, पोरांना म्हणायचा, "हसा. नाव जुनं आहे, डोकं नवंय." आणि दुसरी चंद्रकला. ही आपल्या इकडची, आसनगावच्या बाजूची, भातशेतीवाल्या घरातली. जिभेला धार अशी की पोरं तिला फी बुडवल्याचं कारण सांगताना आधी घरी पाठ करून यायची. दोघं एका खोलीत बसले की काम होईना — आठवडाभर एकाच प्रोग्रॅमवर डोकी जुळवून बसायची आणि पोरं बाहेर गोट्या खेळायची. म्हणून मी वाटप केलं. मुरबाडचा पोरगा शहापूरला ठेवला आणि शहापूरची पोरगी मुरबाडला पाठवली, तिच्या मावशीकडं. लोक म्हणाले, शेठला भूगोल येत नाय. मला भूगोल चांगला येतो साहेब, मला वय पण कळतं.

आता पंचाईत अशी की दोन खोल्यांमधला सगळा व्यवहार फ्लॉपीवर. पोरांचे सराव, परीक्षेचे पेपर, मार्क — शेकडो बारक्या फाईली. फ्लॉपीत जागा शिल्लक असायची, पण इतक्या सुट्या फाईली ती घ्यायचीच नाय, मध्येच नको म्हणायची. सगळ्या फाईली एकात गुंडाळणारे तयार प्रोग्रॅम होते बाजारात, नाय असं नाय. मी फुकटातली कॉपी आणली एक, तिच्यातनं असा व्हायरस आला की मुरबाडच्या कंप्युटरवर अक्षरं पावसासारखी खाली पडायला लागली. मग म्हटलं, आता बाहेरचं काय नको. दोघांना सांगितलं, तुमीच बनवा. कमळूने बांधणारा भाग लिहायचा, चंद्रकलेने सोडणारा. काळ्या पडद्यावर हुकूम द्यायचा आणि काम झालं पाहिजे, चित्रंबित्रं नकोत.

नाव तिने ठेवलं — मुडा. तुमाला माहीत नसेल. पेंढ्यात बियाणाचं भात घालून सुंभाने आवळून बांधतात, गोल गरगरीत, माळ्यावर ठेवून देतात पेरणीपर्यंत. चंद्रकलेचा बाप मुडा बांधला की गाठीत त्याच भाताची एक लोंबी खोचायचा. म्हणजे सोडून बघायला नको, लोंबी बघितली की आत कुठलं भात ते कळतं. तिने तेच घातलं प्रोग्रॅममध्ये. प्रत्येक फाईलच्या तोंडाशी तिची लोंबी — नाव काय, केवढी आहे, कधीची आहे — आणि मग आतला माल. कमळूचं म्हणणं होतं, सगळ्यांची मिळून एकच यादी सुरुवातीला घालू, सोपं पडेल. तर ही म्हणाली, "आणि यादीचीच जागा खराब झाली तर? सगळा मुडा उकिरड्यावर टाकशील? लोंब्या वेगवेगळ्या असल्या की मधलं कुजलं तरी पुढची लोंबी शोधायची आणि तिथनं पुढं सोडायचं." कमळूने दोन दिवस आपलीच यादी चालवून बघितली. मग गुपचूप तिच्यासारखं केलं. तीन हुकूम होते — बांध, सोड आणि बघ. 'बघ' म्हटलं की नुसत्या लोंब्या दिसायच्या, आत हात न लावता. फ्लॉपी जायची माझ्या जेवणाच्या डब्यातनं, वरच्या पुडात, किन्हवली-सरळगाववरनं येष्टीने. एकदा कंडक्टर म्हणाला, "शेठ, रोज काळी भाकर खाता काय?"

भांडण झालं ते एकाच गोष्टीवरनं. मुडा सोडताना त्या नावाची फाईल तिथं आधीच असेल तर काय करायचं? चंद्रकला म्हणाली, विचारायचं. जुनी ठेवू का नवी टाकू, असं थांबून विचारायचं. कमळू म्हणाला, "कशाला गो? पाठवणाऱ्याची ताजी असणार. टाकायची वरनं. पन्नास फाईली असल्या तर पन्नासदा काय विचारत बसायचं?" ती म्हणाली, "ज्याच्या घरात सोडतोस त्याला विचारायला नको? तुझ्या गावात न विचारता मुडे टाकतात काय लोकांच्या ओटीवर?" सोडायचा भाग तिचा, म्हणून तिचंच खरं झालं. मुडा विचारायला लागला.

आणि त्याच मुड्यात एक फाईल जायला लागली, 'निरोप' नावाची. मी सांगितलेली नव्हती. कमळू त्यात लिहायचा — अमुक पेपरात चूक आहे, तमक्या पोराला पुन्हा बसव. तिकडं ही सोडायची, त्याच फाईलीत खाली उत्तर लिहायची, परत बांधून पाठवायची. वहिवाटच पडली, एकच फाईल इकडनं तिकडं. सुरुवातीला कामाचं. मग तुझ्या मावशीकडची कोंबडी अंड्यावर बसली का. मग काल डोंगरावर वणवा होता, इथनं दिसला, तुझ्या गावाकडं तर नव्हता ना. मला कसं ठाऊक? अहो, डबा माझा. डब्यातलं काय मी बघणार नाय?

जत्रेच्या आधीची गोष्ट. पौषात म्हशाला, म्हणजे मुरबाडजवळच्या म्हसा गावी, जत्रा असते, बैलबाजार भरतो, सगळा मुलूख येतो. कमळूचा बाप बैल बघायला येणार होता. तर कमळूने निरोपात लिहिलं — जत्रेला बाबा येतायत, त्यांना घेऊन तुझ्या मावशीकडं येऊ का? एवढंच. पण तुमी लग्नाचे दिसता, तुमाला कळलं ना? डोंगरातला पोरगा भातवाल्याच्या पोरीला विचारतोय. तिच्या बापाला सोसणारं नव्हतं ते, आणि हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणजे तिने 'ये' म्हटलं तर घराशी भांडायला तयार आहे असा अर्थ. फ्लॉपी गेली. उत्तर नाय. पुढच्या खेपेला मार्क आले, पेपर आले, निरोप नाय आला. कमळू जेवेना. पोरांना शिकवताना फळ्याकडं तोंड करून उभा राहायचा.

मग त्याने काय केलं ऐका. त्याला वाटलं, मी फार दाबलं तिला, जरा मोकळी करावी. म्हणून निरोप नवा लिहिला — घाई नाय, जत्रा झाल्यावर सांगितलंस तरी चालेल. भल्या मनाने लिहिला हो. आणि मुड्यात बांधला. आणि त्याच खेपेला त्याने मुड्याचा नवा प्रोग्रॅम पण पाठवला, सुधारलेला. सुधारणा काय? विचारणं काढून टाकलं होतं. मीच रडत होतो ना त्याच्याकडं, प्रत्येक फाईलला बटण दाबून बोट दुखतं म्हणून — तेवढं सोडा, त्यात काय नाय. फ्लॉपी घेऊन मीच गेलो मुरबाडला.

दुपार होती. चंद्रकला कंप्युटरवर लिहीत बसली होती. मी मागनं गेलो तर पडद्यावर निरोपच उघडा. किती दिवस लिहीत होती कोण जाणे — लिहायची, पुसायची. आणि मी वाचलं साहेब, शेवटची ओळ अगदी स्वच्छ वाचली — 'हो. घेऊन ये बाबांना.' फ्लॉपी टेबलावर ठेवली, म्हटलं, नवा प्रोग्रॅम आहे, आज आलेलं सोडून घे, पोरांचे पेपर आहेत, आणि जेवायला गेलो. तिने निरोप तिथंच कंप्युटरवर ठेवला, संध्याकाळी माझ्याबरोबर पाठवायचा म्हणून. आणि मुडा सोडला. पूर्वी कसं, त्या नावाची फाईल असली की थांबायचा. ती त्या थांबण्यावर भरवसा ठेवून होती, स्वतःच लिहिलेलं ना. तो थांबलाच नाय. सरसर सगळ्या फाईली सुटल्या, आणि तिच्या निरोपावर कमळूचा निरोप जाऊन बसला — घाई नाय, सावकाश सांग.

मी आलो तर खुर्ची तशीच, ती तशीच. मी म्हटलं, पुसलेली फाईल शोधून काढता येते की, कमळू काढतो. ती म्हणाली, "पुसलेली येते शेठ. वरनं लिहिलेली नाय येत." आवाज पण नाय चढवला.

दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने कमळू आला. निरोप कसा गेला ते मी सांगितलं होतं त्याला. दारातच उभा राहिला, आत यायची हिंमत नाय. म्हणाला, "काय लिहिलं होतंस?" तिने उलट विचारलं, "सोडायचा भाग माझा होता. त्याला हात लावलास?" हा म्हणाला, "शेठ म्हणाले, बटणं दाबून..." ती म्हणाली, "म्हणजे शेठना विचारलंस. मला नाय." "चुकलं गो. आता विचारतोय ना." "आता शेठनाच विचार," म्हणाली, आणि पोरांना आत बोलावलं. पेपर सुरू. तो तासभर बाहेर ओट्यावर बसला. जत्रेला त्याचा बाप आला, बैल घेतला, आणि बैल घेऊन सरळ घाटाकडं गेला. वैशाखात हिचं लग्न झालं. स्थळ चांगलं, नवरा कंपनीत, तुमच्याच बाजूला कुठंतरी राहत असेल. आडनाव विचारू नका.

कमळू? ऐरोलीला मोठ्या कंपनीत आहे. लग्न नाय केलं. आता तुमचा कंप्युटर प्रत्येक गोष्टीला विचारतो ना, टाकू का, पुसू का, नक्की का — हे सगळं कमळूने घातलं, त्याच्या कंपनीने अमेरिकेला पाठवलं आणि तिथनं जगभर गेलं. हसा. कुठनंतरी सुरुवात झाली असेलच ना? मग शहापुरातनं का नाय?

काय म्हणालात?

...हां. ते बरोबर आहे तुमचं. उत्तर 'हो' होतं, तर तिने पुन्हा का नाय लिहिलं? तोंडाने का नाय सांगितलं? दोन अक्षरं तर होती. इतकी वर्षं ही गोष्ट सांगतोय, कोणी विचारलं नव्हतं असं. लोक चुकचुकतात आणि पैसे देऊन जातात.

मी मागं उभा राहिलो तेव्हा माझी चाहूल लागली तिला. तिने हात आडवा धरला पडद्यावर. बोटांच्या फटीतनं पांढरी अक्षरं दिसली, वाचता नाय आली. बऱ्याच ओळी होत्या, एवढं खरं. पुष्कळ ओळी. आणि 'हो' म्हणायला माणसाला एवढ्या ओळी लागतात काय? 'नाय' म्हणायला लागतात. की घराची अडचण सांगून खाली 'हो' लिहिलेलं असतं? मला नाय ठाऊक. कमळूला ठाऊक नाय. आता तिला तरी आठवत असेल का? त्याने मला विचारलं होतं, एकदाच, पुढं कुठल्यातरी वर्षी म्हशाच्या जत्रेत, बैलांच्या दावणीपाशी उभं राहून — शेठ, खरंच काय दिसलं नव्हतं? मी म्हटलं, नाय रे बाबा, हात होता. तो बराच वेळ बैलाची पाठ चोळत राहिला. बैल त्याचा नव्हता, कोणाचातरी होता. मग म्हणाला, "तुमी एवढ्या थापा मारता. एक माझ्यासाठी मारा ना. गोष्टीत तिला हो म्हणायला लावा."

तर लावतो. दरवेळी लावतो. उठा आता, मागं माणसं उभी आहेत. मुडा खरा, लोंबी खरी, ती खरी, तो हात खरा. तेवढा 'हो' माझ्या पदरचा.